पराग आज उडणार का? झाड आणि आभाळ वाचायची रीत

एक काळा कागद घ्या. बर्च, हेझल किंवा सायप्रसच्या पिकत आलेल्या तुऱ्यांखाली तो धरा आणि फांदीला हलकी टिचकी मारा. सकाळी सातला, फांदीवर दव असताना मारलीत तर कागदावर चार-दोन ठिपके पडतील. अकराला, ऊन चढल्यावर, त्याच फांदीला तशीच टिचकी मारा. पिवळसर धूर उठतो, थोडा कागदावर बसतो आणि उरलेला बाजूने निसटून जातो. चार तासांत झाड तेच राहिलं, हवा तेवढी बदलली.

ज्यांना परागांचा त्रास होतो ते बहुतेक जण मोबाइलवरचा आकडा बघतात आणि बाहेर जायचं की नाही ते ठरवतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. आता आधी दोन प्रश्न विचारतो. आज परागकोश, म्हणजे फुलातल्या परागाच्या पिशव्या, उघडणार का? आणि उघडले तर वारा तो माल कुठे नेणार? दोन्ही प्रश्नांची उत्तरं हवामानात असतात, पण वेगवेगळ्या गोष्टींत, आणि घोटाळा होतो तो ती एकत्र केल्यामुळे.

पायरी १: आधी झाड ठरवा

डोळ्यांत भरणारी, सुवासिक फुलं बहुतेक कीटकांसाठी असतात. त्यांचा पराग चिकट आणि जड, तो फारसा उडत नाही. नाकाला छळणारी झाडं दिसायला साधी असतात. त्यांच्या फुलांना पाकळ्यांचा थाट नसतो, नुसते लोंबते तुरे किंवा बारीक शंकू. बर्च, आल्डर, हेझल, ओक, अ‍ॅश, प्लेन, ऑलिव्ह, तुती, ज्युनिपर, सायप्रस ही त्यातली नेहमीची नावं. यांतली बरीच पानझडी झाडं पालवी पुरती फुटायच्या आत फुलतात, म्हणजे पराग पानांत अडकत नाही.

तुतीचा मामला वेगळाच. पांढऱ्या तुतीचे पुंकेसर ताणलेल्या स्प्रिंगसारखे सुटतात आणि पराग ध्वनीच्या निम्म्याहून जास्त वेगाने फेकला जातो. बाकीची झाडं मात्र वाऱ्याच्या भरवशावर.

गाडीवर, खिडकीच्या कठड्यावर जो पिवळा थर दिसतो त्याला घाबरून जाऊ नका. तो बहुधा पाइनचा असतो. पाइनचा कण मोठा, त्याला हवेच्या दोन पिशव्या असतात, आणि ॲलर्जीच्या हिशेबात तो बराच सौम्य आहे. बर्चचा कण २० ते २५ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्रास मात्र तोच देतो. म्हणून पिवळा थर बघून तारखा लिहू नका, झाड बघून लिहा. रोजच्या वाटेवरची एक-दोन झाडं नेमून घेतलीत तरी पुरे.

पायरी २: गेला उन्हाळा आणि सरता हिवाळा आठवा

यंदा पराग किती येणार हे बऱ्याच झाडांत आदल्या वर्षीच ठरतं. बर्चचे नरतुरे उन्हाळ्यात तयार होतात आणि हिवाळाभर फांदीच्या टोकाला घट्ट मिटून बसतात. जपानमधल्या ‘सुगी’ (जपानी सीडर) या झाडाच्या नरकळ्याही उन्हाळ्यातच धरतात. त्यामुळे तिथे जुलै कडक उन्हाचा गेला की पुढच्या फेब्रुवारी ते एप्रिलच्या हंगामात परागाचा मारा मोठा असेल असं धरलं जातं. शिवाय एक वर्ष भरभरून फुललं की पुढच्या वर्षी झाड हात आखडतं, हेही बर्चमध्ये नेहमी दिसतं.

करायचं काय? हिवाळ्यात, फांद्या उघड्या असताना, नेमलेल्या झाडाच्या एका फांदीवरचे तुरे मोजा. दरवर्षी तीच फांदी. दोन-तीन वर्षांत त्या मोजणीला अर्थ येतो.

हंगाम कधी सुरू होणार हा वेगळा हिशेब. झाडाला आधी पुरेशी थंडी लागते, तेव्हा कुठे कळीची झोप मोडते, आणि मग उबेची बेरीज सुरू होते. ही बेरीज घरी करता येते. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवून दोनाने भागा, त्यातून एक पायाभूत तापमान वजा करा. सोयीसाठी ५ अंश सेल्सिअस धरू. कमाल १६, किमान ६, तर सरासरी ११, वजा ५, उरले ६. असे दहा दिवस गेले तर बेरीज ६०. सरासरी ५ च्या खाली गेली तर त्या दिवसाचं शून्य लिहायचं, उणे नाही.

पहिल्या वर्षी फक्त नोंद करा: तुऱ्यातून पहिली धूळ निघाली त्या दिवशी बेरीज किती होती. दुसऱ्या वर्षी ती बेरीज जवळ आली की सावध व्हायचं. कॅलेंडरपेक्षा हा हिशेब कितीतरी भरवशाचा. एक अडचण आहे. हिवाळा फारच ऊबदार गेला तर थंडीचा कोटा भरत नाही आणि वसंत लवकर तापूनही झाड रेंगाळतं. उलट, फुलायच्या ऐन वेळी कडाक्याचं दव गोठलं तर ओकसारख्या झाडाचा मोहर जळूनही जातो.

मोठ्या चित्रात मात्र दिशा एकच आहे. उत्तर अमेरिकेत १९९० ते २०१८ या काळात परागाचा हंगाम साधारण २० दिवस आधी सुरू होऊ लागला आणि परागाचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी वाढलं. आजीने सांगितलेल्या तारखा आता चालणार नाहीत.

पायरी ३: आजची कोरड बघा

परागकोश उघडणं म्हणजे मुळात वाळणं. कोशाच्या भिंतीतल्या पेशींमधलं पाणी उडालं की त्या एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी आकसतात. तो ताण भिंतीच्या शिवणीवर येतो आणि शिवण उसवते. म्हणून त्या दिवशीचं तापमान हे अर्धंच उत्तर. आर्द्रता किती आणि ती किती झपाट्याने उतरतेय हे बघा. सकाळी ९० टक्के आणि दुपारी ४० टक्के असा दिवस असेल तर कोश भराभर उघडतील. दिवसभर धुकट, ८५ च्या वरच अडकलेली हवा असेल तर ऊब असूनही झाड मिटून बसेल.

यंत्र नसेल तर दोरीवरचे कपडे बघा. कपडे तासाभरात कडकडीत वाळतात तो दिवस परागाचा.

थंडी म्हणजे सुटका असंही नाही. टेक्सासमध्ये ज्युनिपरची एक जात डिसेंबर ते फेब्रुवारी अशी ऐन थंडीत पराग सोडते. थंड वाऱ्याची लाट येऊन गेली की मागून कोरडी, सोसाट्याची हवा येते आणि पिकलेली झाडं एकदम सुटतात. झाडातून धूर निघावा असं ते दृश्य असतं, आग लागली असं वाटून लोक अग्निशमन दलाला फोन करतात. त्या सकाळी पारा खाली गेलेला असतो आणि लोक मफलर गुंडाळून निर्धास्त बाहेर पडलेले असतात.

कोरडेपणाचा दुसरा परिणाम कणावर होतो. परागकणातलं पाणी उडालं की तो आतल्या घडीवर दुमडतो आणि हलका होतो. दमट हवेत फुगतो, जड होतो, लवकर खाली बसतो.

पायरी ४: वाऱ्याचा वेग, दिशा आणि धक्के

इथे थोडं गणित करू, कारण त्यावाचून अंतराचा अंदाज येत नाही. बर्चचा कण अगदी शांत हवेत सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली उतरतो. पंधरा मीटर उंचीवरून सुटला तर जमिनीवर यायला १,५०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटं. तेवढ्या वेळात सेकंदाला ४ मीटर असा साधा वारा त्याला ६ किलोमीटर पुढे नेतो. आणि हे झालं हवा वर-खाली होत नसताना. उन्हाने जमीन तापली की वर जाणारे प्रवाह सेकंदाला एक-दोन मीटर वेगाने चढतात, कणाच्या पडण्याच्या शंभरपट. कण मग खाली येतच नाही, हजारभर मीटर वर चढून बसतो.

प्रत्यक्षात बराचसा पराग झाडाच्या आसपासच पडतो, खालच्या पानांत, गवतात, भिंतींवर अडकतो. पण जो थोडा निसटतो तो फार लांब जातो. फिनलंडमध्ये स्थानिक बर्च फुलायच्या आधीच दक्षिणेकडून आलेल्या बर्चपरागाने नाकं वाहू लागतात. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स ब्लॅकली या इंग्लिश डॉक्टरने पतंगाला चिकट काच बांधून उंचावरचा पराग पकडला होता. स्वतःलाच ‘हे-फीव्हर’ (परागाची ॲलर्जी) असल्यामुळे चिकाटी असणार. १८७३ मध्ये त्याने आपले प्रयोग पुस्तकरूपाने मांडले.

वाऱ्याचा अंदाज वाचताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली, धक्के. सरासरी वेगापेक्षा झुळुकांचा हिसका फांदी हलवतो आणि तुऱ्यातला माल झटकतो. दुसरी, दिशा. तुमच्या भागात झाडांचा दाट पट्टा कुठल्या अंगाला आहे हे एकदा नकाशावर बघून ठेवा, त्या बाजूने कोरडा वारा आला की आकडा चढतो. समुद्रावरून येणारा वारा सहसा साफ असतो. तिसरी, अति वारा. तो पराग पातळ करतो आणि दोन-तीन दिवसांत झाड रिकामं करून टाकतो. त्यामुळे वादळी दिवसापेक्षा मध्यम, धक्क्याधक्क्याने वाहणारा कोरडा वारा जास्त बाधतो.

वारा अजिबात नसेल तर झाडाखाली बसू नका, एवढंच. दोनशे पावलांवर फरक पडतो.

पायरी ५: पावसाचा हिशेब नीट मांडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्यातली एक माझी. तीन दिवस भुरभुर पाऊस झाला, हवा धुतली गेली म्हणून चौथ्या दिवशी लख्ख उन्हात मी लांबवर फिरायला गेलो. संध्याकाळपर्यंत डोळे चिंचेएवढे सुजले. त्या तीन दिवसांत झाडाने पराग टाकून दिला नव्हता, साठवला होता. पिकलेले कोश ओलाव्याने मिटून राहिले आणि चौथ्या दिवशी ऊन-वारा मिळताच सगळे एकदम उसवले. तेव्हापासून मी पावसाच्या दिवसाला नव्हे, पाऊस उघडल्यानंतरच्या पहिल्या कोरड्या दिवसाला भितो.

पाऊस नक्की काय करतो ते तुकड्यातुकड्याने बघा:

- दमदार, तासन्‌तास पडणारा पाऊस हवेतला पराग खरोखर खाली आणतो. मोठे थेंब परागाएवढे कण चांगले गाठतात. असा पाऊस चालू असताना आणि त्यानंतर जमीन ओली आहे तोवर बाहेर जायला हरकत नाही.
- भुरभुर हवा फारशी धूत नाही. मात्र ती झाड बंद ठेवते. हंगामाच्या मध्यात आली तर साठा वाढवते.
- सर येऊन गेली आणि वारा दुसऱ्या भागातून वाहू लागला, तर धुतलेली हवा निघून जाते आणि तिकडची न धुतलेली येते.
- रस्त्यावर वाहून आलेला पराग वाळला की वाहनांच्या वाऱ्याने पुन्हा उठतो. डबक्याच्या काठाला पिवळी किनार दिसली तर तो वाळायच्या वाटेवर आहे असं समजा.

पाऊस हंगामात कधी आला यालाही महत्त्व आहे. तुरे पिकायच्या आधीचा पाऊस हंगाम पुढे ढकलतो, इतकंच. तुरे उघडल्यावर आठवडाभर झोडपलं तर बराच माल मातीत जातो आणि ते वर्ष सुसह्य जातं.

गडगडाटी वादळ हे वेगळं प्रकरण. परागकण पाण्यात फुगून फुटतो आणि आतले अगदी बारीक, श्वासनळीच्या खोल जाऊ शकणारे कण बाहेर पडतात. अख्खा परागकण सहसा नाका-घशात अडकतो, हे तुकडे अडकत नाहीत. वादळाच्या पुढे धावणारा थंड वारा ते जमिनीलगत पसरवतो. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी असंच झालं. हजारो लोकांना दम लागला आणि १० जणांचा जीव गेला. तिथे पराग राय गवताचा होता, पण बर्चसारख्या झाडांचे कणही ओलाव्याने फुटतात. म्हणून हंगामात ढग काळे झाले, वाऱ्याने अचानक दिशा बदलली आणि गार झोत आला की दम्याच्या माणसाने पाऊस पडायची वाट बघत गॅलरीत उभं राहू नये. आत यावं, खिडक्या लावाव्यात, तातडीचा इन्हेलर हाताशी ठेवावा. मेलबर्नच्या त्या रात्री, एरवी दमा नसलेल्या आणि परागाने फक्त शिंका येणाऱ्या लोकांनाही धोका होता. श्वास अडकू लागला तर थेट दवाखाना गाठावा, घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

पायरी ६: संध्याकाळ विसरू नका

‘सकाळी पराग जास्त’ असं सरसकट सांगितलं जातं. ते झाडापासून तुम्ही किती लांब आहात यावर आहे. झाडाजवळ राहत असाल तर उशिरा सकाळपासून दुपारपर्यंतचा काळ वाईट. लांब, गावाच्या किंवा शहराच्या मध्यात राहत असाल तर माल पोचायलाच वेळ लागतो. शिवाय दुपारी तापलेल्या हवेबरोबर वर चढलेला पराग संध्याकाळी प्रवाह मंदावले की हळूहळू खाली उतरतो. जेवणानंतर खिडकी उघडून बसायच्या वेळेला तो नेमका नाकाच्या उंचीवर असतो.

स्वच्छ, निवांत रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची गार हवा खाली अडकते आणि वरच्या ऊबदार थराचं झाकण बसतं. ओळखायची खूण सोपी: चुलीचा किंवा धुराड्याचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरतो. असं दिसलं तर खिडकी बंद. रात्र ढगाळ आणि वाऱ्याची असेल तर एवढी चिंता नको.

पायरी ७: छापील आकडा कुठून येतो ते ओळखा

नेहमीचं मोजमाप असं होतं. उंच गच्चीवर एक पेटी असते. ती मिनिटाला १० लिटर हवा ओढते, साधारण माणसाच्या श्वासाइतकी. आत चिकट पट्टी तासाला दोन मिलिमीटर सरकते. मग कोणीतरी ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कण ओळखतं आणि मोजतं. उत्तर येतं घनमीटरला किती कण, तेही दिवसाची सरासरी, आणि बहुतेक वेळा कालची. आता स्वयंचलित यंत्रंही आहेत, पण बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. तुमच्या अंगणाचा आणि दुपारी तीनचा हिशेब त्यात नसतो. मोबाइलवर उद्याचा आकडा दिसतो तो गणिती अंदाज.

‘जास्त’ हा शब्दही जागोजागी वेगळा. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या एका पट्टीत झाडांचा पराग ९० च्या पुढे गेला की ‘जास्त’ आणि १,५०० पासून ‘अतिशय जास्त’. ब्रिटनमध्ये बर्च २०० च्या पुढे गेला की ‘अतिशय जास्त’. म्हणून शब्द न बघता संख्या बघा, आणि आपल्याला कितीला त्रास होतो ते स्वतः शोधा.

मला आकड्यापेक्षा आवडते ती आभाळातली खूण. परागाने हवा भरली की सूर्याभोवती लहानशी रंगीत वलयं दिसतात, आणि कण पूर्ण गोल नसल्यामुळे ती कधी कधी किंचित लांबट असतात. सूर्याकडे थेट बघायचं नाही. दिव्याच्या खांबाआड सूर्य पुरता झाकून कडेचं आभाळ बघा. निरभ्र, ढग नसलेल्या दिवशी अशी वलयं दिसली तर त्या दुपारी मी मास्क लावतो.

पायरी ८: वही आणि दिवसाची आखणी

रोज पाच गोष्टी लिहा: उबेची बेरीज, दुपारची आर्द्रता, वाऱ्याची दिशा, शेवटचा पाऊस कधी झाला, आणि नाक-डोळ्यांचे दहापैकी गुण. एक ओळ पुरते. ‘बेरीज ७२, आर्द्रता ३८, नैर्ऋत्येचा वारा, पावसानंतरचा पहिला कोरडा दिवस, त्रास ८.’ अशा तीस ओळी झाल्या की तुमचा वारा कुठला ते कळतं.

हौस असेल तर काचपट्टीवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवून ती पावसापासून आडोशाला चोवीस तास ठेवा आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कण ओळखता आले नाहीत तरी कालच्यापेक्षा दाट की विरळ एवढं कळतं.

आखणी वहीवरून करायची. बेरीज जवळ येऊ लागली की डॉक्टरांशी बोला. नाकात मारायच्या स्टेरॉइड फवाऱ्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, शिंका सुरू झाल्यावर धावपळ करून तो वेळ भरून निघत नाही. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी अंथरूण-पांघरूण बाहेर वाळत घालू नका. बाहेरून आल्यावर कपडे बदला, आणि झोपायच्या आधी केस धुवा, नाहीतर दिवसभराचा माल उशीवर जातो. पळायला जायचं तर दमदार पाऊस पडून गेल्यावर लगेच, किंवा पहाटे दव असताना.

हंगाम संपला हेही झाडच सांगतं. खाली पडलेला तुरा उचलून काळ्या कागदावर चुरा. नुसता भुसा निघाला, धूळ नाही, तर तुमचं झाड रिकामं झालं. तरीही डोळे चुरचुरत असतील तर वाऱ्याची दिशा बघा. जवळच्या डोंगरावर ऊब उशिरा पोचते, तिथली तीच झाडं आता कुठे उघडत असतील.